रक्तजनक मूलपेशी मोजायच्या कशा: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

रक्त तयार करणारी मूलपेशी नुसत्या डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. ती एखाद्या लहान लिम्फोसाइटसारखी दिसते आणि शेजारच्या लिम्फोसाइटपेक्षा ती वेगळी आहे हे दाखवणारी कुठलीही खूण तिच्या अंगावर दिसत नाही. त्यामुळे काचपट्टी घेतली, चौकोन मोजले आणि आकडा लिहिला, असं इथे होत नाही. आडमार्गानेच जावं लागतं, आणि आकडा किती येणार हे कोणता आडमार्ग धरला यावर ठरतं.

या मोजणीची सुरुवात १९६१ साली टोरांटोमध्ये टिल आणि मॅककलॉक यांनी केली. उंदरांना प्रारणाचा मोठा डोस देऊन त्यांची अस्थिमज्जा निकामी करायची, मग दुसऱ्या उंदराच्या अस्थिमज्जेच्या पेशी टोचायच्या आणि दहा-एक दिवसांनी प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजायच्या. साधारण दहा हजार पेशी टोचल्या की एक गाठ, आणि पेशी दुप्पट केल्या की गाठीही दुप्पट. मोजणीची पद्धत म्हणून हे सुंदरच होतं. पुढे कळलं की लवकर उठणाऱ्या या गाठींपैकी बऱ्याचशा खऱ्या मूलपेशींच्या नसून त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या, म्हणजे पूर्वजपेशींच्या आहेत. मोजणी बरोबर होती, फक्त मोजलं गेलं होतं काहीतरी दुसरं. हा गोंधळ आजच्या सगळ्या पद्धतींच्या मागे उभा आहे, म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी ही पद्धत नेमकं काय मोजते ते सांगत जाईन.

आधी विचारा, आकडा कुणाला हवाय

रुग्ण अफेरेसिसच्या (रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढून बाकीचं रक्त परत देणाऱ्या मशीनच्या) खुर्चीवर बसलाय आणि आज पेशी गोळा करायच्या की उद्या, हे डॉक्टरांना ठरवायचंय. त्यांना तास-दोन तासांत उत्तर हवं. तिथे फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे रंग लावलेल्या पेशी एकेक करून लेसरसमोरून नेणाऱ्या मशीनवर, सीडी३४ ही पृष्ठभागावरची खूण असलेल्या पेशी मोजणं हाच पर्याय. गोठवलेली पिशवी काही वर्षांनी काढलीय आणि आतल्या पेशी नुसत्या जिवंत आहेत की कामाच्याही आहेत हे बघायचंय, तर सीडी३४ बरोबर कॉलनी चाचणी (पेशी वाढवून त्यांचे पुंजके मोजणं) लावावी आणि दोन आठवडे थांबायची तयारी ठेवावी. आणि कुणी संशोधक म्हणत असेल की अमुक रसायनाने मूलपेशींची संख्या वाढते, तर त्याला मर्यादित विरलनाचे (पेशी कमी-जास्त संख्येने वाटून कुठे वाढ होत नाही ते मोजण्याचे) प्रयोग, आणि शेवटी उंदीर, यांना पर्याय नाही. त्यात महिने जातात.

या तिसऱ्या माणसाला सीडी३४ च्या आकड्यावर समाधान मानू देऊ नका. वाढमाध्यमात ठेवलेल्या पेशी सीडी३४ टिकवून धरतात आणि रक्त पुन्हा उभारण्याची ताकद मात्र गमावून बसतात, असं सर्रास होतं.

सीडी३४ ची मोजणी: नमुना आणि पिपेट

सीडी३४ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक ग्लायकोप्रोटीन. १९८४ साली सिव्हिन यांच्या गटाने माय-१० या अँटिबॉडीने ते प्रथम दाखवलं. अस्थिमज्जेत साधारण १ ते ४ टक्के पेशींवर ते असतं. एरवीच्या रक्तात फारच थोड्या, ०.१ टक्क्याच्याही खाली. जी-सीएसएफ या वाढघटकाची इंजेक्शनं दिली की या पेशी अस्थिमज्जा सोडून रक्तात उतरतात. सीडी३४ असलेल्या पेशींत मूलपेशी असतात हे खरं, पण त्यातल्या बहुसंख्य पूर्वजपेशी असतात, आणि अस्थिमज्जेत तर बी-लिम्फोसाइटच्या वाटेवरच्या कोवळ्या पेशीही भरपूर. तरीही दिलेल्या सीडी३४ पेशी आणि प्रत्यारोपणानंतर रक्त किती लवकर सावरतं यांचा मेळ चांगला बसतो, म्हणून जगभर याच आकड्यावर निर्णय होतात.

रक्त ईडीटीए या गोठणरोधकाच्या नळीत घ्या. अफेरेसिसच्या पिशवीतला नमुना सहसा एसीडी-ए या दुसऱ्या गोठणरोधकात येतो, तो चालतो. चोवीस तासांच्या आत काम संपवा. त्यापुढे मेलेल्या पेशी वाढतात आणि त्या अँटिबॉडी वाटेल तशी चिकटवून घेतात. नमुना हातात आला की आधी ऑटोमॅटिक काउंटरवर पांढऱ्या पेशी किती ते बघा. पिशवीतल्या नमुन्यात दर मायक्रोलिटरला दोन लाख पांढऱ्या पेशी सहज असतात, आणि तेवढ्यांना किटमधली अँटिबॉडी पुरत नाही. किटच्या पत्रकात कमाल मर्यादा दिलेली असते, तिच्या आत येईल इतकं पातळ करा. पातळ करायचं द्रावण प्रथिनयुक्त हवं, म्हणजे बफरमध्ये थोडा अल्ब्युमिन. नुसत्या बफरमध्ये मोजणीचे बीड्स (संख्या माहीत असलेले बारीक मणी) नळीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा फुगतो. किती पट पातळ केलं ते तिथल्या तिथे नळीवर लिहा. नंतर आठवून लिहिलेलं ग्राह्य धरू नये.

अँटिबॉडी निवडताना क्लोन, म्हणजे ती कोणत्या पेशीवंशातून तयार झाली ते, बघायचा. सीडी३४ च्या रेणूवर अँटिबॉडी जिथे बसते त्या जागांचे तीन वर्ग मानतात. पहिल्या वर्गातली जागा साखरेच्या साखळ्यांवर अवलंबून असते आणि त्या साखळ्या सगळ्या पेशींवर सारख्या नसतात, त्यामुळे काही पेशी हातून सुटतात. तिसऱ्या वर्गातल्या क्लोनना (८जी१२, ५८१ वगैरे) ही अडचण नाही. दुर्मिळ पेशी शोधायच्या असल्याने रंगही तेजस्वी लागतो, म्हणून सीडी३४ साठी सहसा पीई हा चमकणारा रंग आणि सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) साठी एफआयटीसी हा दुसरा. सोबत ७-एएडी, जे फक्त फाटक्या पडद्याच्या, म्हणजे मेलेल्या पेशींत शिरतं. पीईचा उजेड ७-एएडीच्या खिडकीत सांडतो, तेव्हा कॉम्पेन्सेशन (असा सांडलेला उजेड वजा करणं) नीट लावलेलं असलं पाहिजे. नाहीतर झगझगीत सीडी३४ पेशी मेलेल्या समजून बाद होतील.

आता पिपेट. माझ्या मते या चाचणीतल्या अर्ध्या भानगडी सायटोमीटरपर्यंत पोहोचण्याआधी, पिपेटपाशीच होतात. एकाच मशीनवर मोजायच्या पद्धतीत नळीत अचूक मोजलेलं रक्त आणि माहीत असलेल्या संख्येचे बीड्स एकत्र असतात, आणि दोन्हींच्या गुणोत्तरातून थेट दर मायक्रोलिटरचा आकडा मिळतो. म्हणजे १०० मायक्रोलिटरच्या जागी ९२ गेलं तर चूक सरळ आकड्यात उतरली. त्यासाठी उलट पिपेटिंग करतात. बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून रक्त ओढायचं, सोडताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं आणि टोकात उरलेलं टाकून द्यायचं. टोक बाहेरून पुसून घ्यायचं, पण पुसणीचा कपडा टोकाच्या छिद्राला लागता कामा नये, नाहीतर रक्त शोषलं जातं. रक्त नळीच्या तळाशी सोडा. भिंतीवर वर कुठेतरी लागलेला थेंब अँटिबॉडीला भेटत नाही, आणि नंतर नळी हलवताना खाली उतरून मोजणीत घुसतो.

बीड्स काही किटमध्ये नळीच्या तळाशी वाळवलेले असतात, काहींत बाटलीत द्रवरूपात. बाटलीतले असतील तर ते खाली बसतात. वापरण्याच्या क्षणी हलवून घ्या, फेस येईल इतकं जोरात नको. प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या लावा. दोन्हींच्या उत्तरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारण शोधत बसण्याआधी पुन्हा लावा.

रक्तात अँटिबॉडी मिसळून वीस मिनिटं अंधारात, खोलीच्या तापमानाला. मग अमोनियम क्लोराइडने लाल पेशी फोडा, साधारण दहा मिनिटं. फिक्सेटिव्ह असलेलं लायसिंग द्रावण घेऊ नका. त्याने सगळ्याच पेशी मरतात आणि ७-एएडीला अर्थ उरत नाही. धुवायचंही नाही. प्रत्येक धुण्यात पेशी आणि बीड्स वेगवेगळ्या प्रमाणात वाहून जातात आणि गुणोत्तर बिघडतं. फोडणं झालं की नळी बर्फावर ठेवा आणि तासाभरात मशीनवर चढवा.

गेट लावताना

सर्वत्र चालणारी गेटची, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांभोवती चौकट आखून हव्या त्या पेशी निवडण्याची, रीत १९९६ साली इशाज या संस्थेने मांडली आणि १९९८ मध्ये तिला बीड्सची जोड मिळून एकाच मशीनवरची पद्धत तयार झाली. ती क्रमाने अशी.

पहिल्या चित्रात सीडी४५ विरुद्ध साइड स्कॅटर (पेशी किती दाणेदार ते दाखवणारा, बाजूला पसरणारा उजेड). सीडी४५ असलेल्या सगळ्या पेशी, फिक्यापासून ठळकपर्यंत, गेटमध्ये घ्या. न फुटलेल्या लाल पेशी, प्लेटलेट आणि कचरा डावीकडे बाहेर राहतो. इथे गेट जरा उजवीकडे सरकलं की फिक्या सीडी४५ च्या पेशी कापल्या जातात, आणि आपल्याला हव्या असलेल्या नेमक्या त्याच असतात. दुसऱ्या चित्रात या पेशींपैकी सीडी३४ असलेल्या. तिसऱ्यात त्या पुन्हा सीडी४५ आणि साइड स्कॅटरवर टाका. खऱ्या पूर्वजपेशींचा फिक्या सीडी४५ चा आणि कमी साइड स्कॅटरचा एक घट्ट पुंजका दिसतो. पुंजक्याबाहेर विखुरलेले ठिपके, विशेषतः ठळक सीडी४५ चे किंवा वरच्या बाजूचे, म्हणजे अँटिबॉडी उगाच चिकटलेल्या मोनोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट. चौथ्यात आकार तपासायचा: पुंजक्यातल्या पेशी लिम्फोसाइटएवढ्या किंवा त्याहून मोठ्या असतात, त्यामुळे त्याच नमुन्यातल्या लिम्फोसाइट फॉरवर्ड स्कॅटरवर जिथे सुरू होतात तिथून गेट लावा. त्याहून बारीक दिसतं ते बहुधा तुकडे असतात.

मग ७-एएडी घेतलेल्या पेशी वगळा. बीड्सचं गेट स्वतंत्र लावा आणि त्यात एकेकटे बीड्सच घ्या, जोडीने चिकटलेले नकोत.

पडद्यावर नवख्याची नजर टक्केवारीकडे जाते. तुम्ही पुंजका आहे का ते बघा. पुंजका नसेल, नुसता धुरळा असेल, तर मशीनने छापलेल्या आकड्याला अर्थ नाही. गेट आधीच्या नमुन्याचं जसंच्या तसं ठेवून पुढे जाणं ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडा. लाल पेशी नीट फुटल्या नाहीत किंवा नमुना शिळा असला की पुंजका सरकतो.

किती पेशी मोजायच्या

किमान ७५ हजार सीडी४५ पेशी आणि किमान १०० सीडी३४ पेशी, हा सर्वमान्य दंडक. शंभरच का? दुर्मिळ गोष्टी मोजताना चूक मोजलेल्या संख्येच्या वर्गमूळाइतकी असते. १०० मोजल्या तर १० इकडे-तिकडे, म्हणजे दहा टक्के. १२ मोजल्या तर जवळजवळ तीस टक्के.

आणि बारावर अडकणं सहज घडतं. समजा अफेरेसिसच्या आधीचं रक्त आहे, पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ३० हजार आणि सीडी३४ फक्त ५. पंचाहत्तर हजार पेशी म्हणजे अडीच मायक्रोलिटर रक्त, त्यात सीडी३४ बारा-तेरा. शंभरचा आकडा गाठायला २० मायक्रोलिटर रक्ताइतक्या, म्हणजे सहा लाख पेशी मोजाव्या लागतील. मशीन चालू देत थांबा. इथे घाई केली तर पेशी गोळा करायच्या की नाही, हा निर्णय नाणेफेकीवर गेला असं समजा, कारण अनेक केंद्रांत ही रेषा दर मायक्रोलिटरला १० ते २० च्या दरम्यान असते.

हिशेब

सूत्र सोपं आहे. सीडी३४ पेशींची मोजलेली संख्या भागिले मोजलेले बीड्स, गुणिले बीड्सची ज्ञात घनता, गुणिले पातळ केल्याचा पट. रक्त आणि बीड्सचं द्रावण समान आकारमानाने टाकलं असेल तर एवढंच. नळीत वाळवलेले बीड्स असतील तर नळीतले एकूण बीड्स भागिले टाकलेलं रक्त ही घनता धरायची.

उदाहरण घेऊ. पिशवीतला नमुना वीस पट पातळ केला, त्यामुळे पांढऱ्या पेशी दोन लाखांवरून दहा हजारांवर आल्या. पातळ केलेल्या नमुन्याचे १०० मायक्रोलिटर आणि बीड्सचे १०० मायक्रोलिटर. बीड्स दर मायक्रोलिटरला १,०००. मशीनने १२,००० बीड्स मोजले तेव्हा सीडी३४ पेशी आल्या ७२०. म्हणजे पातळ नमुन्यात दर मायक्रोलिटरला ६०, आणि मूळ पिशवीत १,२००. पिशवी २५० मिलिलिटरची, म्हणजे अडीच लाख मायक्रोलिटर. एकूण सीडी३४ पेशी ३० कोटी. रुग्णाचं वजन ६० किलो असेल तर दर किलोला ५० लाख.

हा आकडा कुठे बसतो? साधारणपणे दर किलोला २० लाख ही किमान मर्यादा मानतात, आणि ५० लाखांपर्यंत गेलं तर प्लेटलेट लवकर सावरतात. वीसचा पट विसरलात तर उत्तर अडीच लाख येईल आणि रुग्णाला विनाकारण आणखी एक दिवस मशीनला जोडतील. म्हणून पट आणि वजन या दोन गोष्टी दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय अहवाल बाहेर जाऊ नये, असं माझं मत आहे.

काही ठिकाणी अजून दोन मशीनची पद्धत चालते: सायटोमीटरवरून सीडी३४ ची टक्केवारी आणि काउंटरवरून पांढऱ्या पेशी, मग गुणाकार. त्यात दोन्ही मशीनच्या चुका एकमेकींत मिसळतात. नाळेच्या रक्तात केंद्रक असलेल्या लाल पेशी खूप असतात आणि काही काउंटर त्यांना पांढऱ्यात धरतात. तिथे हा गुणाकार सरळसरळ फसतो.

रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण असेल तर कर्कपेशींवरही सीडी३४ असू शकतं, हेही ध्यानात ठेवा. आकडा अनपेक्षित मोठा आला की आनंद मानण्याआधी पुंजका बघा आणि डॉक्टरांना फोन करा.

कॉलनी चाचणी

इथे पेशीला प्रत्यक्ष काम करायला लावायचं. साठच्या दशकाच्या मध्यावर, १९६५ आणि १९६६ साली, इस्रायलमध्ये प्लुझनिक व सॅक्स आणि ऑस्ट्रेलियात ब्रॅडली व मेटकाफ यांनी घट्टसर माध्यमात उंदराच्या रक्तजनक पेशींच्या कॉलन्या वाढवून दाखवल्या. आज बहुतेक ठिकाणी मिथाइलसेल्युलोजचं माध्यम वापरतात. पेशी त्यात जागच्या जागी अडकून राहते, तिची पिल्लावळ तिथेच साठते, आणि चौदा दिवसांनी एक पुंजका म्हणजे एक पूर्वजपेशी असं मोजता येतं. मूलपेशी नव्हे, पूर्वजपेशी. हे लिहून भिंतीवर लावा.

माध्यमाची गोठवलेली बाटली रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या. वितळल्यावर जोरात हलवा आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबा. माध्यम मधासारखं चिकट असतं; साध्या पिपेटने ओढलं तर अर्धं आत राहतं. म्हणून सिरिंज आणि जाड, बोथट, १६ गेजची सुई. तीन मिलिलिटर माध्यमाच्या नळीत दहा पट दाट केलेल्या पेशींचे ०.३ मिलिलिटर घाला, हलवा, पाच मिनिटं थांबा. मग ३५ मिलिमीटरच्या दोन बशांत प्रत्येकी १.१ मिलिलिटर. बशी हळूच तिरकी करून फिरवा म्हणजे द्रव कडेपर्यंत पसरतो. कडेला उंच चढला तर तिथल्या कॉलन्या नंतर फोकसमध्येच येत नाहीत.

या दोन बशा आणि झाकण काढलेली एक पाण्याची बशी एका मोठ्या बशीत ठेवून इन्क्युबेटरमध्ये: ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, भरपूर आर्द्रता. पाण्याची बशी वगळू नका. चौदा दिवसांत माध्यम किंचित जरी सुकलं तरी कॉलन्या खुरटतात आणि दोष पेशींच्या माथी येतो. मध्ये बघायचा मोह होतो, पण जितक्या वेळा दार उघडाल तितकी आर्द्रता कमी.

पेशी किती घालायच्या हे नमुन्यावर. अस्थिमज्जेच्या एककेंद्रकी पेशी दहा ते पन्नास हजार, नाळेच्या रक्ताच्या पाच ते वीस हजार, वेगळ्या केलेल्या सीडी३४ पेशी पाचशे ते दोन हजार. बशीत पंचवीस ते शंभर-सव्वाशे कॉलन्या आल्या तर उत्तम. त्याहून दाट झाल्या तर एकमेकींत मिसळतात, माध्यम पिवळं पडतं आणि मोजणाऱ्याचा अंदाज सुरू होतो. अनोळखी नमुन्याला दोन-तीन वेगवेगळ्या घनता लावणं स्वस्तात पडतं. घनता दुप्पट केल्यावर कॉलन्याही दुप्पट आल्या तर तुम्ही सरळ रेषेत आहात.

मोजताना उलटा सूक्ष्मदर्शक आणि चौकटी आखलेली बशी. आधी अगदी कमी वर्धनावर सगळी बशी फिरून घ्या, मग एकेका कॉलनीवर थांबा. बीएफयू-ई (लाल पेशींच्या कॉलन्या) ओळखायला सोप्या: हिमोग्लोबिन भरल्यामुळे लालसर-तपकिरी, बारीक दाटीवाटीच्या पेशींचे एकमेकांना लागून अनेक गुच्छ. सीएफयू-जीएम (ग्रॅन्युलोसाइट आणि मॅक्रोफेज यांच्या) रंगहीन; मधोमध दाट आणि कडेला सुटे सुटे गोल ठिपके पसरत गेलेले, मॅक्रोफेज असतील तर ते मोठे आणि दाणेदार. सीएफयू-जेमम (मिश्र कॉलनी) मध्ये लाल गाभा आणि भोवती रंगहीन पेशी, आणि ती सहसा मोठी असते. बीएफयू-ई च्या शेजारी सीएफयू-जीएम उगवली की ती मिश्र कॉलनी भासते. फोकस वरखाली करून दोन वेगळ्या पातळ्या दिसतात का ते बघा. किती पेशींच्या वर कॉलनी म्हणायचं याची मर्यादा, समजा चाळीस किंवा पन्नास, प्रयोगशाळेने एकदाच ठरवून लिहून ठेवावी.

दोन माणसांची मोजणी जुळत नाही, ही या चाचणीची जुनी तक्रार आणि ती रास्त आहे. सुरुवातीचे काही महिने अनुभवी सहकाऱ्याबरोबर एकच बशी दोघांनी स्वतंत्रपणे मोजा आणि आकडे नंतरच उघड करा.

हिशेब: २०,००० पेशी घातल्या आणि दोन बशांची सरासरी ४६ आली, तर लाखाला २३०. पिशवीत ८० कोटी एककेंद्रकी पेशी असतील तर एकूण १८ लाख ४० हजार कॉलनी घडवणाऱ्या पेशी.

गोठवून वितळवलेल्या नमुन्यात ही चाचणी खरी उपयोगी. वितळल्यावर लगेच ७-एएडीने बघितलं तर ८५ टक्के जिवंत दिसतात आणि कॉलन्या मात्र मोजक्याच येतात, असं होऊ शकतं. कारण मरणाच्या वाटेला लागलेल्या पेशीचा पडदा काही तास शाबूत राहतो. ७-एएडी तिला जिवंत म्हणतं, मिथाइलसेल्युलोज फसत नाही.

मर्यादित विरलन

कॉलनी घडवणारी पेशी दोन आठवड्यांत संपून जाते. त्याहून आदिम पेशी हवी असेल तर जास्त काळ वाट बघायची, हा पुढचा डाव. सदरलँड, ईव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास बसवलेल्या एलटीसी-आयसी चाचणीत पेशी आधार देणाऱ्या स्ट्रोमा पेशींच्या थरावर पाच आठवडे ठेवतात, दर आठवड्याला अर्धं माध्यम बदलतात, आणि मग त्या मिथाइलसेल्युलोजमध्ये टाकतात. पाच आठवड्यांनंतरही कॉलनी आली तर सुरुवातीला तिथे आदिम पेशी होती. मधल्या काळात पूर्वजपेशी संपलेल्या असतात. सगळं मिळून सात आठवडे.

इथे कॉलन्यांची संख्या नाही, 'आलं की नाही आलं' एवढंच मोजतात. ९६ खणांच्या प्लेटमध्ये वेगवेगळ्या संख्येने पेशी घालायच्या आणि रिकामे राहिलेले खण मोजायचे. पॉयसनच्या नियमाप्रमाणे दर खणात सरासरी एक आदिम पेशी पडली असेल तर ३७ टक्के खण रिकामे राहतात. समजा दर खणात ५० पेशी घातलेल्या ६० खणांपैकी ३६ रिकामे राहिले. रिकाम्यांचं प्रमाण ०.६, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम उणे ०.५१, म्हणजे ५० पेशींमागे ०.५१ आदिम पेशी, साधारण ९८ मध्ये एक. २०० पेशींच्या ६० खणांत ८ रिकामे राहिले तर तेच गणित ९९ मध्ये एक देतं. दोन्ही जुळले, आलेख सरळ रेषेत आहे. जुळले नसते तर पेशी एकमेकींना मदत करताहेत किंवा दाबताहेत, असा संशय घ्यावा लागला असता.

सगळे खण भरले किंवा सगळे रिकामे राहिले तर त्या ओळीतून जवळजवळ काहीच कळत नाही. म्हणून पेशींच्या संख्या अशा निवडा की ३७ टक्के मध्येच कुठेतरी पडतील. हिशेब हाताने एकदा करून बघा, नंतर एल्डा या मोफत प्रणालीवर सोडा. ती विश्वासमर्यादाही देते आणि त्या अहवालात हव्यातच.

उंदीर

मूलपेशीची व्याख्याच अशी की ती दीर्घकाळ सगळ्या प्रकारचं रक्त तयार करते. ते शरीराबाहेर सिद्ध होत नाही. मानवी पेशींसाठी प्रतिकारशक्ती नसलेले एनएसजी उंदीर वापरतात: सौम्य प्रारण, शेपटीच्या शिरेतून पेशी, आणि किमान सोळा आठवडे. मग अस्थिमज्जेत मानवी सीडी४५ पेशी आहेत का, आणि त्यांत सीडी१९ (बी-लिम्फोसाइटची खूण) आणि सीडी३३ (ग्रॅन्युलोसाइट-मोनोसाइटची खूण) दोन्ही बाजू आहेत का, ते बघतात. एकच बाजू दिसली तर उंदीर मोजणीत धरत नाहीत. गणित पुन्हा तेच, रिकाम्या खणांच्या जागी मानवी रक्त न बसलेले उंदीर. अर्थात नैतिक समितीची परवानगी आणि अनुभवी हात यांशिवाय इकडे वळू नये.

१९९७ साली डिक यांच्या गटाने अशा मोजणीतून दिलेले आकडे बघा: नाळेच्या रक्तात ९.३ लाख एककेंद्रकी पेशींत एक, प्रौढ अस्थिमज्जेत ३० लाखांत एक, रक्तात उतरवलेल्या पेशींत ६० लाखांत एक. सीडी३४ चे टक्के इथे हजारो पटींनी खाली येतात. उंदराच्या शरीरात मानवी पेशी रुळणं अवघड असल्याने खरी संख्या याहून जास्त असणार, पण किती जास्त हे ही पद्धत सांगू शकत नाही.

उंदराच्याच पेशी मोजत असाल तर सीडी३४ विसरा. प्रौढ उंदराच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मूलपेशींवर ते जवळजवळ नसतंच, हे १९९६ मध्ये एकेका पेशीच्या प्रत्यारोपणातून दिसलं. तिथे २००५ पासून रुळलेली खूण सीडी१५० आहे आणि सीडी४८ नाही, ही. खातरजमा मात्र स्पर्धात्मक प्रत्यारोपणानेच: तपासायच्या पेशी सीडी४५.२ च्या, स्पर्धक ४५.१ च्या (सीडी४५ ची ही दोन वेगळी ओळखता येणारी रूपं), आणि शेवटी कोणी किती रक्त उभं केलं त्याचा हिशेब.

अहवालात काय लिहावं

नुसतं 'मूलपेशी: ५० लाख' असं लिहू नका. 'जिवंत सीडी३४ पेशी, एकाच मशीनवरची पद्धत, दर किलो वजनामागे ५० लाख' असं लिहा. क्लोन, पातळ केल्याचा पट, नमुना घेतल्याची आणि चाचणीची वेळ, मोजलेल्या सीडी३४ पेशींची संख्या आणि जिवंतपणाची टक्केवारी सोबत हवी. ताज्या नमुन्याचा आकडा वितळवलेल्याशी तुलना करताना दोन्हीकडे जिवंतच पेशी धरल्यात ना, हे तपासा. कॉलनी चाचणीत माध्यमाचा लॉट नंबर लिहा, कारण लॉट बदलला की कॉलन्या बदलतात; नवा लॉट जुन्यासोबत एकदा समांतर लावून मगच वापरात घ्या. आणि वर्षातून काही वेळा बाहेरच्या गुणवत्ता योजनेतून येणारा अनोळखी नमुना नेहमीच्याच माणसाने, नेहमीच्याच घाईत मोजावा. त्यासाठी खास तयारी करून सगळ्यात हुशार तंत्रज्ञाला बसवलं, तर तुम्हाला त्याची गुणवत्ता कळेल, प्रयोगशाळेची नाही.